वाहन एक, बटणं सात

स्कूटरवर बसण्याआधी भीकमशेठ पुढच्या चाकासमोरची जमीन पाहतात. मुंगी दिसली तर वाकून फुंकर घालतात. मुंग्यांची रांग असली तर मला हाक मारतात. मग आम्ही दोघं स्कूटर उचलून रांगेच्या पलीकडे ठेवतो.

हॉर्न वाजवत नाहीत. तोंडाने ओरडतात, "ई ऱ्हायनू भो, ई ऱ्हायनू!" म्हणजे येतोय, बाजूला व्हा.

वळताना हात दाखवतात. दिवा लावत नाहीत.

उतार लागला की चावी बंद करतात आणि गाडी तशीच सोडून देतात. गावात बरा उतार एकच आहे. तिकडे काम नसलं तरी जातात.

चार्जिंगचा आकडा पाहताना चष्मा काढतात. आकडा नीट दिसला की काळजी लागते, असं त्यांचं म्हणणं आहे.

कोणी विचारलं, "शेठ, कितलं चालस?" की उत्तर ठरलेलं आहे. "पुरस तितलं."

पुरत नाही. ते पुढे येईलच.

भीकमचंद रनाळ्यातले किराणा दुकानदार. वय एकसष्ट. आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. शेठ घरात मारवाडी बोलतात, गल्ल्यावर अहिराणी, आणि दारात सरकारी माणूस उभा राहिला की मराठी. त्यांच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मी मराठीत एम.ए. केलं आहे. गावाला त्याचा उपयोग बॅनरवरच्या चुका काढण्यापुरता होतो. आमच्यात पस्तीस वर्षांचं अंतर आहे. तरी मैत्री झाली. बहुधा माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसतं म्हणून.

स्कूटर त्यांच्या मुलाने, रिषभने, पाठवली. तो सुरतेला असतो. शेठ आधी जुन्या लुनावर फिरायचे. तिचा आवाज रिषभला फोनवर ऐकू यायचा. इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा शेठ तीन दिवस तिच्याभोवती फिरले. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "जगदीश, हिच्यात आग नाही."

"म्हणजे?"

"पेट्रोल जळत नाही. धूर नाही. आवाज नाही. कोणाला त्रास नाही. ही तर आमच्यातलीच निघाली."

त्यांनी स्कूटरला जैन धर्मात घेतलं. कुंकू लावलं, हार घातला, आणि पहिल्या फेरीतच जसोदाबाईच्या कोंबडीवरून जाता जाता वाचले. कोंबडीला गाडी ऐकू आली नव्हती. तेव्हापासून ते ओरडू लागले. सगळं गाव ओळखतं. रिकाम्या रस्त्यावर माणसाचा आवाज पुढे येतो आणि मागून पांढरी स्कूटर येते, ताशी पंचवीसच्या वेगाने.

आता पाटीबद्दल सांगायला हवं.

जैनांमध्ये एक रीत आहे. सकाळी उठलं की दिवसाच्या मर्यादा ठरवायच्या. आज किती पदार्थ खाणार, किती वाहनांत बसणार, कोणत्या दिशेला किती लांब जाणार. एकदा ठरलं की पुढे जायचं नाही. लोक हे मनात धरतात. भीकमशेठ पाटीवर लिहितात. शाळेची काळी पाटी. ती दुकानात, साखरेच्या पोत्यावर, सगळ्यांना दिसेल अशी टेकवलेली असते. पदार्थ एकवीस. वाहन एक. दिशा चाळीस किलोमीटर.

कंपनीने स्कूटरला ऐंशी किलोमीटर दिले होते. शेठांनी स्वतःला चाळीस दिले. स्कूटरने दोघांचंही ऐकलं नाही. ती पस्तीसला थांबते.

इथपर्यंत ठीक होतं. मग चातुर्मासात नंदुरबारच्या स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनास्थळात, महासतीजी आल्या. साध्वींना आदराने तसं म्हणतात. शेठ दर्शनाला गेले आणि मोठ्या आनंदाने त्यांना सांगून आले की माझ्या गाडीत आग नाही. महासतीजींनी शांतपणे विचारलं, "आणि विजेत?"

त्यांच्या शास्त्राप्रमाणे वीज हाही अग्नीच. त्यातही जीव.

शेठ त्या दिवशी परत आले ते गाडी हाताने ढकलत दुकानात घेऊन गेले. फार वाईट दिसत होते. जावयाची जात लग्नानंतर कळावी तसे. दुसऱ्या दिवशी पाटीवर नवी ओळ आली. बटणं सात.

दिवसभरात विजेची सात बटणं. लावणं एक, बंद करणं दुसरं. न्हाणीघराचा दिवा दोन. देवघराचा दोन. वजनकाट्याचं एक. तो मग रात्री आपोआप बंद होईपर्यंत चालूच. राहिली दोन. त्यात चार्जर लावायचा आणि काढायचा. गाडीची बटणं, म्हणजे हॉर्न आणि वळणाचा दिवा, सात संपल्यावरची म्हणून कायमची बंद. गिऱ्हाईक मजा घ्यायला लागलं. रुखमाबाई नावाची म्हातारी रोज पायरीवरूनच विचारायची, "शेठ, आज कितला बटन उरनात?"

"एक शे, माय." शे म्हणजे आहे.

"मग माले साखर देतस का अंधारमा बठतस?"

अडचण अशी की बटणं कधीकधी सकाळीच संपायची. पंख्याला चुकून हात लागला की गेलं एक. मग संध्याकाळी चार्जर भिंतीत खोचलेला, वायर गाडीला जोडलेली, आणि बटण वर. शेठ त्याच्यासमोर स्टुलावर बसलेले. दुसऱ्याला सांगून करून घेणंही त्यांच्यात चालत नाही. दुसऱ्याने केलं आणि आपण मनातून बरं झालं म्हटलं, तेही चालत नाही. त्यामुळे ते मला काही सांगत नसत. फक्त हाक मारत.

"जगदीश."

"काय शेठ?"

"काही नाही."

मी जायचो. बटण दाबायचो. ते तेवढ्या वेळापुरतं तोंड भिंतीकडे करायचे. मनाला बरं वाटू नये म्हणून चेहरा आंबट करायचे. वर्षभर एका माणसाची स्कूटर माझ्या स्वतंत्र इच्छेवर चालली.

गेल्या श्रावणात त्यांच्या पत्नीने, मोहनबाईंनी, अठाई केली. आठ दिवस अन्न नाही. फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. काकू अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. रक्तदाब कमी राहतो. त्या आठ दिवसांसाठी नंदुरबारला सुनेकडे, किंजलकडे, राहायला गेल्या; रिषभ सुरतेला असला तरी ती नोकरीमुळे तिथे राहते. स्थानक तिथून जवळ. जाताना शेठांना एवढंच म्हणाल्या, "नवव्या दिवशी साडेआठला पारणं. पहिला घोट तुमच्या हातचा. तुम्ही येईपर्यंत मी तोंड लावणार नाही."

"मी आठलाच येतो," शेठ म्हणाले.

त्यांनी समाजात वाटायला एकशेआठ स्टीलच्या वाट्या आणल्या. वाट्यांवर नाव घालायचं होतं. नाव घालायचं मशीन विजेवर चालतं. मशीनला बटण असतं. म्हणून शेठांनी छिन्नी आणि हातोडी काढली आणि एकशेआठ वाट्यांवर स्वतः नाव घालायला बसले. मोहनबाई, मोहनबाई, मोहनबाई. आठ दिवस दुकानात टुकटुक चालू होतं. गिऱ्हाईक अर्धा किलो तूरडाळ मागायचं आणि शेठ बोट वर करून थांबवायचे, कारण काना चालू असायचा. बायकोचं नाव एवढ्या वेळा कोणी लिहिल्याचं मी वाचलेलं नाही. वाचन माझं बरं आहे.

आठव्या संध्याकाळी एकशेसात झाल्या. शेवटची काकूंची. ती त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती. ती जरा खोलगट, काठाला जाड. अक्षरं मोठी काढत होते. "मोहनबा" पर्यंत आले आणि दिवे गेले. सूर्यही गेला होता. शेठांनी वाटी रुमालात गुंडाळली.

त्या संध्याकाळी मी गावात नव्हतो. दोंडाईच्याला मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेलो होतो. रात्री वीज आली. पण तोवर सात बटणं संपली होती, आणि हाक मारायला समोर कोणी नव्हतं. पहाटे नवी सात मिळाली, तर पुन्हा वीज गेलेली. हे मला नंतर कळलं.

सकाळी सव्वासहाला मी त्यांच्यामागे बसलो. पारण्याचे फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. पुढे पायाशी वाट्यांचं पोतं. सीटखालच्या डिकीत रुमालातली वाटी. शेठांची पाटी लिहून झाली होती. वाहन एक.

"शेठ, चार्जिंग?"

त्यांनी चष्मा काढला आणि पाहिलं. "पुरस तितलं शे."

नंदुरबार अठरा किलोमीटर. अकराव्या किलोमीटरला, पपईच्या एका मळ्याजवळ, स्कूटर वेग कमी करत करत उभी राहिली. तिचा काही आवाज नव्हता, त्यामुळे बंद पडल्याचंही कळलं नाही. शेठ थोडा वेळ तसेच "ई ऱ्हायनू" म्हणत राहिले.

सात वाजले होते.

मी म्हणालो, "एसटी येईल आता."

ते म्हणाले, "तू जा."

"आणि तुम्ही?"

ते स्कूटर ढकलायला लागले. मला पाटी आठवली. मग मला सगळं समजलं, आणि काहीच समजलं नाही.

"शेठ, सात किलोमीटर आहे."

"चालतं."

"काकू आठ दिवसांच्या उपाशी आहेत."

"म्हणून तर लवकर ढकल."

मी मागून ढकलू लागलो. पोत्यात वाट्या वाजत होत्या. लग्नाची वरात पुढे गेली आणि भांडीवाले मागे राहिले, असं वाटत होतं. एसटी आली. कंडक्टरने दारातून डोकं काढलं. "येतस का शेठ? जागा शे!" शेठांनी हात जोडले. एसटी गेली. दोन मोटारसायकली थांबल्या. त्यांनाही हात जोडले. इतके नमस्कार मी निवडणुकीतही पाहिलेले नाहीत.

मग दिवाल्या आला.

दिवाल्या धडगावकडचा. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतो, बाजारात अहिराणी. पपईची पिकअप चालवतो आणि शेठांच्या दुकानातून चहापावडर नेतो. त्याने गाडी आडवी लावली.

"शेठ, काय व्हयनं?"

"बॅटरी संपनी."

"मग बठा ना."

"नही भो. आज एकच वाहन शे."

दिवाल्याने स्कूटरकडे पाहिलं. "एकच शे, आणि तेबी बंद शे."

मी त्याला समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. हसला नाही. त्यांच्याकडेही कुठल्या दिवशी काय करायचं नाही याचे नियम असतात. तो विचार करायला लागला. मला ते आवडलं नाही. मला एक मूर्ख पुरे होता.

"असं करूत," तो म्हणाला. "स्कूटर पिकअपमा चढावूत. तुमी स्कूटरवर बठा. मग तुमी तुमनाच वाहनवर."

शेठांच्या डोळ्यांत क्षणभर चमक आली. मग विझली. "नही. चालस ती पिकअप."

"बरं. मग दोरी बांधूत. तुमी खालेच. तुमना चाकं, तुमनी सीट. मी नुसता पुढे."

ह्याच्यावर शेठांनी बराच वेळ घेतला. साडेसात झाले. मी घड्याळ त्यांच्या तोंडासमोर धरलं. शेवटी ते म्हणाले, "दोरी काही वाहन नाही."

वाट्यांचं पोतं पिकअपमध्ये गेलं. वाट्यांना नियम नव्हता. दोरी बांधली. मी दिवाल्याच्या शेजारी बसलो. गाडी निघाली. मागे आरशात शेठ दिसत होते. ताठ बसलेले, दोन्ही हात हँडलवर, तोंडाने "ई ऱ्हायनू" चालू. मी सुटलो म्हटलं. किंजलला फोन लावला. "निघालोय. पंधरा मिनिटं."

"लवकर या भैया. मम्मीजींना उभं राहिलं की चक्कर येतेय. ऐकत नाहीत. साधं पाणीसुद्धा पपांच्या हातूनच म्हणतात."

तेवढ्यात मागून आरडाओरडा. दिवाल्याने ब्रेक मारला.

शेठ खाली उतरले होते. दोरी सोडत होते.

"काय झालं?"

"ओढतंय कोण?" त्यांनी मला विचारलं.

"पिकअप."

"मग मी जातोय कशाने?"

एम.ए.ला असले प्रश्न नव्हते.

"मी स्वतःला फसवत होतो, जगदीश. स्कूटर नुसती बसायला होती. गेलो पिकअपने." ते इतक्या शांतपणे बोलले की मला पटायला लागलं. मग त्यांनी स्कूटर वळवली. आणि उलट दिशेने ढकलू लागले.

रनाळ्याकडे.

मला वाटलं घरी चालले. मी धावत गेलो. "शेठ! कुठे?"

"दोरी जिथे बांधली तिथे."

"का?"

"एवढं अंतर माझं नाही."

दोनशे पावलं असतील. त्यांनी ती परत केली. पपईच्या त्याच झाडापर्यंत गेले, स्कूटरचं पुढचं चाक मघाच्या जागी आणलं, ओल्या मातीतली खूण पाहून खात्री केली, आणि पुन्हा नंदुरबारकडे तोंड केलं. दिवाल्या रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून हे बघत होता. मी असं काही पूर्वी पाहिलेलं नाही. पुढेही पाहीन असं वाटत नाही.

मग मात्र माझा तोल गेला. मी ओरडलो. एक बाई तिकडे आठ दिवस उपाशी बसली आहे, तुमच्या एका घोटासाठी, आणि तुम्ही इकडे रस्ता परत करताय. तिला काही झालं तर पाटीवर काय लिहाल? असं बरंच बोललो. वयाचं भान राहिलं नाही.

शेठांनी स्टँड लावला. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की त्यांचे ओठ कोरडे पडले आहेत. त्यांनीही सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. तिला पाजल्याशिवाय घेणार नव्हते. ते त्यांनी पाटीवरही लिहिलं नव्हतं.

"मला काय कळत नाही?" ते म्हणाले. "पण तिने आठ दिवस पाळलं. एकदाही मोडलं नाही. मी एक सकाळ मोडून तिच्यासमोर वाटी धरू? कोणत्या तोंडाने?"

दिवाल्या उठला. "मी पुढे व्हस," म्हणाला. "वाट्या पोचाडस. बाईसले सांगस." आणि गेला.

आठ वाजले. आम्ही ढकलत होतो. एक किलोमीटर झाला असेल. फोन वाजला. किंजलचा. मी उचलला, पण पलीकडे काकू होत्या. आवाज बारीक झाला होता.

"जगदीश, तो पपईवाला आत्ता येऊन गेला. यांनी आज वाहन किती लिहिलं?"

"एक."

त्यांनी किंजलला खुर्ची ओढायला सांगितलं. मला वाटलं चक्कर आली.

"आगार ठेवलं नाही?"

आगार म्हणजे सूट. अडीअडचणीसाठी आधीच ठेवायची असते. आजारपण, संकट, कोणाचा जीव. सगळे ठेवतात. हे मला त्या क्षणी कळलं. मी शेठांकडे पाहिलं. "आगार ठेवलं नाही का?"

"मी ठेवत नाही," शेठ म्हणाले. अभिमानाने.

काकूंना ऐकू गेलं असावं. "महासतीजी शिकवत होत्या तेव्हा हे वाट्यांचा भाव करत होते," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, तिथेच थांबा. एक पाऊल पुढे टाकू नका."

आम्ही थांबलो. एका लिंबाखाली. शेठ अस्वस्थ होते. रुमाल काढून त्यांनी स्कूटरची सीट पुसली. मग आरसे पुसले. मग काही पुसायचं उरलं नाही.

पावणेनऊला रिक्षा आली. आधी किंजल उतरली, हातात थर्मास. मग काकू. त्यांना मी नऊ दिवसांनी पाहत होतो. बांगड्या कोपराकडे सरकल्या होत्या. पिवळी साडी, डोक्यावर पदर. किंजलने दंडाला धरलं होतं. त्यांनी आधी शेठांना पाहिलं, मग स्कूटरला.

पुढचं बोलणं मारवाडीत झालं. मला समजलं तेवढं लिहितो.

"उपास माझा चालू आहे," काकू म्हणाल्या, "आणि तपश्चर्या तुम्ही करताय?"

शेठांनी स्कूटरचा स्टँड उगाच एकदा वर-खाली केला.

"अठ्ठावीस किलोचं पोतं, दोन माणसं, आणि रिकामी बॅटरी. मुंगी दिसते तुम्हाला. हे दिसलं नाही?"

"तुम्ही रिक्षाने आलात," शेठ हळूच म्हणाले. "तुमचा नियम?"

"मी आज चार वाहनं धरली होती."

"चार?"

"एकतीस वर्षं तुमच्याबरोबर काढलीत."

किंजल दुसरीकडे बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

काकूंना उभं राहवत नव्हतं. बसायला दगडही नव्हता. त्यांनी स्कूटरवर हात टेकला आणि सीटवर आडव्या बसल्या. शेठ दचकले. "अहो, मग हे दुसरं..."

"हे वाहन नाही," काकू म्हणाल्या. "वाहन चालतं. हे बाकडं आहे."

शेठांनी बोटं मोजून पाहिली आणि हात खाली घेतला. बाकड्याला शास्त्रात मर्यादा नसावी.

मग मुगाचं पाणी काढायचं ठरलं, तर भांडं नव्हतं. थर्मासचं झाकण किंजलने पुढे केलं. शेठ म्हणाले, "थांब." पण डिकी सीटखाली होती, आणि सीटवर काकू. त्यांना पुन्हा उठावं लागलं. आठ दिवसांची उपाशी बाई दोनदा उठबस करत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मला वाटतं तेव्हा त्यांचा राग गेला होता. किंवा ताकद.

शेठांनी रुमाल सोडला. वाटी काढली. किंजलने पाणी ओतलं. वाफ आली. शेठांनी डोळे मिटून नवकार मंत्र म्हटला. एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मग त्यांनी वाटी दोन्ही हातांनी काकूंच्या ओठांना लावली. थोडं पाणी साडीवर सांडलं. काकूंनी पहिला घोट घेतला.

मी फोटो काढायला आलो होतो. काढला नाही. फोन हातात होता, एवढंच आठवतं.

दुसऱ्या घोटानंतर काकूंनी वाटी स्वतःच्या हातात घेतली आणि फिरवून पाहिली. बोटाने अक्षरं चाचपली. "मोहनबा?"

"दिवे गेले," शेठ म्हणाले. "उरलेलं आज करतो."

"एकशेसात झाल्या आणि माझीच राहिली?"

"तुमची चांगली करायची होती."

काकूंनी उरलेलं पाणी शेठांच्या तोंडाला लावलं. ते घोटभर प्यायले.

काकू रिक्षाने परत गेल्या. स्थानकात दिवाल्याने वाट्या पोचवल्या होत्या. वाटल्याही गेल्या. एकशेसात. आम्ही दोघं स्कूटर ढकलत बारा वाजता पोचलो. तोवर सगळे जेवून गेले होते. महासतीजींनी शेठांकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे. एवढंच म्हणाल्या, "आगार ठेवत जा." शेठांनी हात जोडले. आता पाटीवर एक ओळ वाढली आहे. आगार, आजारपण. खाली बारीक अक्षरात, बॅटरी.

बटणं मात्र सातच आहेत. संध्याकाळी अजून हाक येते. मी जातो. ते भिंतीकडे तोंड करतात.

वाटी काकूंकडे आहे. रोज सकाळी त्या तिच्यातूनच पाणी पितात, नावापुढच्या कोऱ्या जागेवर बोट फिरवतात आणि शेठांकडे बघून हसतात. ह्या गोष्टीला आता सहा महिने झाले. रुखमाबाईने दोनदा विचारलं, "शेठ, बाईसनं नाव कवय पुरं करशात?" शेठ म्हणतात, उद्या. छिन्नीला बटण नाही. वाहनही लागत नाही. कुठल्याच नियमात बसत नाही असं काम आहे. अर्ध्या तासाचं.

परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी समोरून पाहत होतो. शेठांनी वाटी मागवून घेतली. वजनाच्या दगडावर उपडी ठेवली. चष्मा लावला. छिन्नी "बा"च्या पुढच्या मोकळ्या जागेवर टेकवली. हातोडी उचलली. तशीच धरली. मग काठावर एक मुंगी आली असावी, कारण ते वाकले आणि फुंकर घातली.

मग त्यांनी वाटी रुमालात गुंडाळली आणि घरात पाठवून दिली.